सब्र म्हणजे नेमके काय? पैगंबरांच्या दुःखाकडे जवळून पाहताना

आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात मय्यतीच्या घरी गेले की ओसरीत बसलेल्या बायकांच्या तोंडून आधी दोनच शब्द ऐकू येतात, ‘सब्र करो’, म्हणजे धीर धरा. म्हणणाऱ्यांच्या मनात मायाच असते, याबद्दल मला शंका नाही. तरीही बारा वर्षांपूर्वी माझे अब्बा गेले, तेव्हा हे शब्द माझ्या अम्मीला किती जड गेले, ते मी पाहिले आहे. अब्बा पिंजारी होते. थंडी सुरू होण्याच्या सुमारास कमान खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या भरायला जात आणि संध्याकाळी भुवयांवर कापूस घेऊन घरी येत. जनाजा उठला तेव्हा अम्मीने तोंडाला पदर लावून हुंदका दिला आणि जवळच्या तीन-चार जणींनी तिला एकदमच गप्प केले. एक म्हणाली, रडू नको, मय्यतीला अजाब (यातना) होतो. दुसरी म्हणाली, सब्र कर, अल्लाह नाराज होईल. अम्मी गप्प झाली ती पुढे दोन वर्षे गप्पच राहिली. भाकरी तव्यावर टाकायची आणि ती करपून धूर निघाला तरी तिचा हात हलायचा नाही.

तालुक्याच्या गावी डॉक्टरांना दाखवले, गोळ्या सुरू झाल्या, झोप परत आली. त्याच दिवसांत शाळेतून आल्यावर मी तिला कुरआनचा अर्थ मराठीत वाचून दाखवू लागले. अम्मीला अरबी तिलावत (पठण) लहानपणापासून येते, पण त्यातला शब्दन्‌शब्द उलगडून कोणी तिला सांगितला नव्हता. सूरह युसुफ हा अध्याय वाचत असताना चौऱ्याऐंशीव्या आयतीपाशी (वचनापाशी) तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘थांब, परत वाच.’ मी परत वाचले : याकूब नबींनी मुलांकडे पाठ फिरवली, ‘हाय माझा युसुफ!’ असे उद्गार काढले आणि दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले. अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ‘नबी रडले? डोळे जाईपर्यंत?’

हा लेख तिच्या त्या प्रश्नातून निघाला आहे. आजकाल मानसशास्त्रावरच्या मराठी लेखांत ‘भावनिक लवचीकता’ हा शब्द वारंवार येतो. मोठा आघात झाल्यावर माणूस वाकतो, पण कायमचा मोडत नाही आणि हळूहळू पुन्हा जगण्याला लागतो, त्या क्षमतेचे हे नाव. इस्लामी परंपरेत या क्षमतेच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द सब्र हा आहे. मात्र वापरून वापरून तो इतका गुळगुळीत झाला आहे, की त्याचा अर्थ ‘तोंडातून आवाज काढू नका’ एवढाच उरला आहे. पैगंबरांच्या कथा मुळातून वाचल्या तर हा अर्थ टिकत नाही, असे माझे मत आहे आणि ते का, हे मी सांगू पाहते. (पैगंबरांच्या नावापुढे अदबीने ‘अलैहिस्सलाम’ म्हणतात, लेखात ते प्रत्येक वेळी लिहिलेले नसले तरी वाचकांनी ते मनात म्हणावे.)

आधी शब्द पाहू. ‘सब्र’ ज्या अरबी धातूपासून आला आहे, त्याचा मूळ अर्थ रोखून धरणे, बांधून ठेवणे असा आहे. बांधायचे तरी काय? जुन्या आलिमांनी (धर्मपंडितांनी) याचे उत्तर नेटके दिले आहे. चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये होऊन गेलेले इब्न कय्यिम सांगतात, की मनाला निराशेच्या टोकापासून, जिभेला तक्रारीपासून आणि हातांना गाल बडवण्यापासून किंवा कपडे फाडण्यापासून रोखणे म्हणजे सब्र. या व्याख्येत डोळ्यांचा उल्लेख नाही. जिभेच्या बाबतीतही एक महत्त्वाची सूट आहे. माणसांपुढे नशिबाची गाऱ्हाणी गात बसणे वेगळे आणि तेच गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडणे वेगळे. हे दुसरे सब्रच्या विरुद्ध मानले जात नाही, कारण ते खुद्द पैगंबरांनी केले आहे.

या कथा कुरआनमध्ये का आहेत, याचे उत्तरही कुरआनमध्येच आहे. सूरह हूदच्या शेवटी, १२० व्या आयतीत, हजरत मुहम्मद यांना उद्देशून म्हटले आहे, की प्रेषितांच्या या हकिगती तुम्हाला सांगतो, त्या तुमचे अंतःकरण स्थिर करण्यासाठी. ज्यांच्या अंतःकरणाबद्दल हे म्हटले आहे, त्यांची त्या काळातली स्थिती ध्यानात घ्यावी लागते. मक्केत त्यांच्या अनुयायांचा छळ चालू होता, त्यांच्या कुळावर बहिष्कार टाकून झाला होता आणि इसवी सन ६१९ च्या सुमारास पत्नी खदीजा आणि पाठीशी उभे राहणारे काका अबू तालिब हे दोघेही थोड्याच काळाच्या अंतराने गेले. सीरतच्या, म्हणजे पैगंबर-चरित्राच्या परंपरेत त्या वर्षाला ‘दुःखाचे वर्ष’ म्हणतात. मक्केतल्या अशा दिवसांत ज्या माणसाला आधाराची गरज होती, त्याला याकूब, युसुफ, मूसा, अय्यूब आणि यूनुस यांच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, आणि त्या गोष्टींतला एकही पैगंबर दगडाचा नव्हता.

याकूब यांच्यापाशी मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण अम्मीही तिथेच थांबली होती. मुलांनी युसुफला विहिरीत टाकले आणि खोटे रक्त लावलेला सदरा बापापुढे आणून ठेवला. बापाने खोटे ओळखले आणि तो म्हणाला, ‘फ सब्रुन जमील’, म्हणजे आता सुंदर सब्र. हे दोन शब्द आपल्याकडे फार सांगितले जातात, पण त्यानंतरच्या साठ-सत्तर आयती बहुधा कोणी सांगत नाही. वर्षे उलटतात, दुसरा मुलगाही मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) अडकून पडतो, आणि त्या नव्या जखमेने जुनी जखम उघडी पडते. याकूब यांच्या तोंडी नाव येते ते मात्र पहिल्या मुलाचे. ज्याला दुःखाचा अनुभव आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. आमच्या गल्लीत कोणाचीही मय्यत झाली की अम्मीला अब्बाच आठवतात.

मग मुले बापावर चिडतात. तुम्ही युसुफचे नाव काढत काढत झिजून जाल, नाही तर मरून जाल, असे ती म्हणतात. आजच्या घराघरांत ऐकू येणारे हे वाक्य आहे : किती दिवस तेच तेच, आता पुरे करा. त्यावर याकूब यांचे उत्तर (आयत ८६) मला संपूर्ण कुरआनमधल्या सर्वांत मानवी वाक्यांपैकी एक वाटते. ते म्हणतात, मी माझी व्यथा आणि माझे दुःख फक्त अल्लाहपुढे मांडतो. इथे ‘व्यथा’ म्हणून मी जो शब्द वापरला, तो मूळ अरबीत ‘बस्स’ असा आहे आणि त्यात पसरणे, विखुरणे हा अर्थ आहे. आत मावेनासे झालेले, सांडून बाहेर पडणारे दुःख असा त्याचा भाव आहे. म्हणजे याकूब आपल्याला दुःख झालेच नाही असे म्हणत नाहीत, ते विसरण्याचे वचनही देत नाहीत; ते फक्त ते कुठे ओतायचे, हे ठरवतात.

आणि लगेच पुढच्या आयतीत ते मुलांना सांगतात, जा, युसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. डोळे गेलेला म्हातारा बाप शोधमोहीम सुरू करतो आहे. रडणे आणि शोध घेणे या दोन गोष्टी एकाच माणसात, लागोपाठच्या दोन आयतींत आहेत. सब्र म्हणजे काय, हे एखाद्याला एकाच ठिकाणी दाखवायचे झाले, तर मी त्याला या दोन आयती दाखवीन.

‘रडल्याने मय्यतीला अजाब होतो’ हे वाक्य मात्र बायकांनी मनाने रचलेले नाही. त्या आशयाची हदीस (पैगंबरांचे परंपरेने सांगितले गेलेले वचन) खरोखर आहे आणि पैगंबरांचे साथीदार हजरत उमर यांच्याकडून ती सांगितली गेली आहे. पण ती जेव्हा पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांच्या कानावर घालण्यात आली, तेव्हा त्यांनी तिला तिथल्या तिथे हरकत घेतली आणि कुरआनचे वचन पुढे केले, की कोणीही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. जिवंत माणसाच्या अश्रूंची शिक्षा मेलेल्याला कशी होईल, हा त्यांचा सवाल होता. पुढे बहुसंख्य आलिमांनी दोन्ही गोष्टींचा मेळ असा घातला, की निषेध आहे तो ऊर बडवून, आक्रोश करून केलेल्या विलापाचा, आणि तोही मेलेल्याने तशी इच्छा मागे ठेवली असेल तर त्याच्या अंगाला लागतो. डोळ्यांतून वाहणाऱ्या पाण्याचा निषेध नाही. ही चर्चा शतकानुशतके ग्रंथांत पडून आहे. आमच्या ओसऱ्यांपर्यंत तिचा अर्धाच भाग पोहोचला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खुद्द हजरत मुहम्मद यांचे उदाहरण पाहिले तर शंकेला जागा राहत नाही. त्यांचा मुलगा इब्राहीम दीड वर्षाच्या आसपासचा असताना आजारी पडून गेला. शेवटच्या घटका मोजणाऱ्या त्या लेकराला त्यांनी उचलून घेतले होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. एका साथीदाराने आश्चर्याने विचारले, आपणही? ते म्हणाले, ही दया आहे. मग म्हणाले, डोळे रडतात, हृदय दुःखी होते, पण आम्ही तेच बोलतो जे आमच्या पालनकर्त्याला आवडेल. आणि हे इब्राहीम, तुझ्या जाण्याने आम्ही दुःखी आहोत. डोळे, हृदय आणि जीभ, तिघांचे काम इथे वेगळे करून सांगितले आहे. पहिल्या दोघांना मोकळीक आहे, लगाम आहे तो तिसरीला.

त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. खगोलशास्त्राच्या गणिताप्रमाणे मदीनेत ते २७ जानेवारी ६३२ रोजी दिसले असावे. लोक म्हणू लागले, पैगंबरांचे लेकरू गेले म्हणून सूर्य काळवंडला. दुःखात बुडालेल्या बापाला असे ऐकून बरे वाटले असते, आणि तो नुसता गप्प राहिला असता तरी ती समजूत पक्की झाली असती. त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले, की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या दोन निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. मुलगा गेला त्याच दिवशी खरे-खोटे वेगळे करण्याइतके भान असणे, हे मला त्यांच्या अश्रूंइतकेच सब्रचे रूप वाटते.

आणखी एक छोटा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आहे, तो ‘सब्र करो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे. एक बाई कबरीपाशी बसून रडत होती. पैगंबर तिथून चालले होते. त्यांनी तिला सांगितले, अल्लाहचे भय धर आणि सब्र कर. बाईने त्यांना ओळखले नाही. ती म्हणाली, दूर हो, माझ्यावर जे आले ते तुझ्यावर आलेले नाही. ते काही न बोलता पुढे गेले. नंतर कोणीतरी सांगितले, की ते पैगंबर होते. बाई घाबरून त्यांच्या दारी आली, तर दारावर पहारेकरी वगैरे कोणी नव्हते. ती म्हणाली, मी ओळखले नाही. त्यांनी उत्तर दिले, सब्र तोच जो पहिल्या आघाताच्या वेळी असतो. या प्रसंगाचे तात्पर्य म्हणून शेवटचे वाक्यच सांगितले जाते. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक शिकवून जाते : बाईने झिडकारल्यावर त्यांनी तिच्याशी वाद घातला नाही, आपण कोण आहोत हे सांगितले नाही, आणि नंतर ती माफी मागायला आली तेव्हाही तिला अपमानाची आठवण करून दिली नाही.

अपमान आणि अन्याय यांचे दुःख मृत्यूच्या दुःखाहून निराळे असते, आणि त्यासाठी युसुफ यांची हकिगत आहे. भावांनी विहिरीत टाकले, व्यापाऱ्यांनी मोजक्या दिरहमांना विकले, मालकाच्या बायकोने आळ घेतला, निर्दोष असूनही तुरुंगात जावे लागले. तुरुंगातून सुटून जाणाऱ्या सोबत्याला त्यांनी सांगितले, राजापुढे माझा विषय काढ. तो बाहेर जाऊन विसरून गेला आणि युसुफ आणखी काही वर्षे आत राहिले. शेवटी राजाला स्वप्न पडले, अर्थ सांगणारा हवा झाला आणि बोलावणे आले. इतकी वर्षे कोंडलेला माणूस धावत सुटेल, अशी आपली अपेक्षा असते. युसुफ निरोप्याला परत पाठवतात आणि सांगतात, माझ्यावर आळ आला तेव्हाच्या त्या बायकांच्या प्रकरणाची आधी चौकशी करा. नाव स्वच्छ झाल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. सब्र म्हणजे अन्याय निमूट सोसणे, असे ज्यांना वाटते त्यांनी सूरह युसुफची पन्नासावी आयत जरूर पाहावी.

शेतकऱ्यांच्या पट्ट्यात राहत असल्याने मला या कथेतला आणखी एक तपशील नेहमी आठवतो. राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना युसुफ म्हणतात, सात वर्षे नेटाने पेरा, आणि जे कापाल ते थोडे खाण्यापुरते सोडून बाकीचे कणसातच राहू द्या. मग सात वर्षे दुष्काळाची येतील. धान्य मळून ठेवण्यापेक्षा कणसात ठेवले की त्याला कीड कमी लागते, हे आमच्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे. बियाण्याची ज्वारी-मक्याची कणसे आढ्याला टांगलेली मी लहानपणी पाहिली आहेत. संकट येणार हे कळल्यावर युसुफ प्रार्थनेबरोबर साठवणुकीचा हिशेबही देतात. पैगंबरांच्या सब्रमध्ये अशी तजवीज नेहमीच बरोबर असते, आणि ‘आधी उंट बांध, मग तवक्कुल (अल्लाहवर भरवसा) कर’ ही प्रसिद्ध हदीस तेच सांगते.

शेवटी सगळे कुटुंब भेटते, तेव्हा युसुफ बापापुढे अल्लाहचे उपकार मोजताना म्हणतात, त्याने मला तुरुंगातून बाहेर काढले. विहिरीचे नाव ते घेत नाहीत. मुफस्सिरांनी (कुरआनच्या भाष्यकारांनी) याची नोंद घेतली आहे : विहिरीचा उल्लेख झाला असता तर समोर उभे असलेले भाऊ खजील झाले असते. भावांना त्यांनी आधीच सांगितले होते, आज तुमच्यावर कोणताही ठपका नाही. ज्याच्या हाती सूड घेण्याची पूर्ण सत्ता आली होती, त्याने आपल्या आठवणीतूनही शब्द निवडून वापरावेत, याला केवळ ‘क्षमा’ म्हटले तर मला ते अपुरे वाटते.

मूसा यांच्या कथेत दुःखापेक्षा भीती जास्त आहे, आणि ती लपवलेली नाही. मिसरचा राजा फिरऔन याच्याकडे जाण्याचा हुकूम झाल्यावर ते आपली छाती मोकळी व्हावी, काम सोपे व्हावे, जिभेची गाठ सुटावी अशी दुआ करतात आणि सोबतीला भाऊ हारून मागतात. मदत मागताना त्यांना संकोच वाटत नाही, एवढेच इथे सांगते. कारण मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या आईबद्दल बोलायचे आहे. तान्हे लेकरू पेटीत घालून नदीत सोडल्यावर, कुरआन म्हणतो, मूसाच्या आईचे हृदय रिकामे झाले. ती सारे उघड करून बसली असती, जर आम्ही तिचे हृदय बांधले नसते. पुन्हा तेच बांधणे आले, जरी अरबी शब्द इथे वेगळा आहे. मूल गमावलेल्या बाईला आत जे जाणवते, त्याला ‘रिकामे’ याहून नेमका शब्द मी वाचलेला नाही. आणि त्या रिकाम्या हृदयानिशी ती काय करते? मुलीला सांगते, त्याच्या मागोमाग जा. याकूब यांच्याप्रमाणेच तीही एकीकडे कोसळते आहे आणि दुसरीकडे माग काढते आहे.

अय्यूब यांचे नाव आजाऱ्यापुढे इतके घेतले जाते, की ‘सब्र-ए-अय्यूब’ हा वाक्प्रचारच झाला आहे. त्यांच्या अंगात किडे पडले होते आणि गळून पडलेला किडा ते उचलून पुन्हा जखमेवर ठेवत, अशा कथा आमच्याकडे सांगतात. कुरआनमध्ये असे काहीही नाही आणि अनेक आलिमांनी या कथा नाकारल्या आहेत. त्या ऐकून दीर्घ आजाराने गांजलेल्या माणसाला आपले कण्हणेही गुन्हा वाटू लागतो, म्हणून त्या सांगू नयेत, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. कुरआनमधले अय्यूब एवढेच म्हणतात : मला त्रास झाला आहे आणि तू सर्व दयाळूंहून दयाळू आहेस. त्यावर उत्तर येते, जमिनीवर पाय मार. हे आहे गार पाणी, आंघोळीला आणि पिण्याला. ज्याला अल्लाहने ‘सब्र करणारा’ ही पावती दिली, त्याने ‘मला त्रास झाला आहे’ असे मोकळेपणाने म्हटले होते. उपचाराच्या बाबतीतही संकोच नको. हजरत मुहम्मद यांनी लोकांना औषध घ्या असे सांगितले, कारण अल्लाहने औषधाशिवाय रोग ठेवलेला नाही. मनाचे रोग यातून वगळलेले नाहीत. सतत मरणाचे विचार येत असतील, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जाणे किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेला १४४१६ वर फोन करणे हे ईमान (श्रद्धा) कमी असल्याचे लक्षण नाही. अम्मीच्या गोळ्या आणि अम्मीची नमाज दोन्ही बरोबरच चालू होत्या.

यूनुस यांची गोष्ट वेगळ्या तऱ्हेची आहे, कारण त्यांच्या हातून चूक झाली होती. लोक ऐकत नाहीत म्हणून ते रागावून, आपले ठिकाण सोडून निघून गेले. जहाजात चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, त्यांचे नाव निघाले, माशाने गिळले. त्या अंधारात त्यांनी केलेली दुआ मुसलमान घरांत आजही संकटकाळी हजारदा म्हटली जाते : तुझ्याशिवाय कोणी ईश्वर नाही, तू पवित्र आहेस, चुकलो तो मीच. या वाक्यात सुटकेची मागणीसुद्धा नाही. सुटका झाल्यावरचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. माशाने त्यांना उघड्या माळावर टाकले तेव्हा ते आजारी होते, आणि त्यांच्यावर एक वेल उगवण्यात आली. मूळ शब्दाचा अर्थ बहुतेक भाष्यकार भोपळ्याचा वेल असा करतात. मोठ्या पानांची सावली, विश्रांती, अंगात ताकद येईपर्यंतचा अवधी, आणि मग पुन्हा त्याच कामावर, लाखभर किंवा त्याहून अधिक लोकांकडे. थकून पळालेल्या माणसाला आधी सावली मिळाली आणि काम नंतर आले, हा क्रम मी माझ्या शाळेत दहावीला नापास झालेल्या मुलांच्या आईवडिलांना नेहमी सांगते.

या यूनुस यांचे नाव पुढे एका फार वाईट दिवशी पुन्हा निघाले. दुःखाच्या वर्षानंतर हजरत मुहम्मद मक्केपासून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या ताइफ गावी गेले, कोणी ऐकून घेईल या आशेने. तिथल्या प्रमुखांनी हेटाळणी केली आणि टवाळ पोरे मागे लावली. दगडांनी पाय रक्तबंबाळ झाले. एका द्राक्षमळ्याच्या कुंपणाशी ते येऊन बसले. मळ्याचे मालक विरोधकांपैकीच होते, पण त्यांनाही दया आली आणि त्यांनी अद्दास नावाच्या ख्रिस्ती गुलामाबरोबर द्राक्षांचा घड पाठवला. पैगंबरांनी त्याला विचारले, तू कुठला? तो म्हणाला, नीनवाचा. ते म्हणाले, म्हणजे यूनुस यांच्या गावचा. ते माझे भाऊ, तेही नबी होते आणि मीही आहे. पायांतून रक्त वाहत असताना त्यांना आठवण झाली ती आपल्यासारख्याच हाकलल्या गेलेल्या, लोकांना कंटाळलेल्या एका पूर्वसूरीची. कथा अंतःकरण स्थिर करतात, असे सूरह हूदमध्ये जे म्हटले आहे, ते प्रत्यक्षात कसे घडते, हे या कुंपणाशी दिसते. सीरतच्या ग्रंथांत त्या वेळची त्यांची दुआही दिली आहे आणि तिची सुरुवात ‘हे अल्लाह, माझी दुर्बलता मी तुझ्यापुढेच मांडतो’ अशी होते. तिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) हदीसशास्त्राच्या कसोटीवर कमजोर मानली जाते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तिचा सूर याकूब यांच्या वाक्याशी किती जुळतो, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच.

मागे एका जूनमध्ये आमच्याकडे वादळ झाले. शेजारच्या नानांची केळीची बाग कापणीला आली होती. अर्ध्या तासात खोडे मधोमध मोडून पडली आणि घड चिखलात गेले. पंचनाम्याला माणसे आली, फोटो काढून गेली. नाना बांधावर बसून होते. मी भीतभीतच त्यांना पैगंबरांची एक हदीस सांगितली : कयामत (जगाचा शेवट) येऊन ठेपली आणि तुमच्यापैकी कोणाच्या हातात रोप असेल, तर जमल्यास ते लावून टाका. हदीसमधला रोपासाठीचा शब्द ‘फसीला’ आहे, आणि तो खजुराच्या बुडाशी फुटणाऱ्या पिलाला म्हणतात, जे आईपासून वेगळे काढून लावायचे असते. नाना एवढ्यावरच थबकले. ‘म्हणजे आपल्या केळीच्या पिलासारखं?’ त्यांनी विचारले. मी म्हटले, तसेच. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी ते ढसाढसा रडले, हेही मी पाहिले. आठवड्याने मजुरांबरोबर पडलेली खोडे छाटून बुडाची जोमदार पिले राखताना दिसले. कर्ज फिटायला त्यांना पुढची तीन वर्षे लागली.

सब्रबद्दल बोलताना एक गोष्ट सहसा राहून जाते, ती म्हणजे आजूबाजूच्या लोकांचे काम. इसवी सन ६२९ मध्ये मूताच्या लढाईत हजरत मुहम्मद यांचे चुलत भाऊ जाफर मारले गेले. बातमी आली तेव्हा पैगंबरांनी लोकांना सांगितले, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, कारण त्यांच्यावर असे काही आले आहे ज्यात ते गुंतून गेले आहेत. त्यांनी शोकाकुल घराला उपदेश पाठवला नाही, अन्न पाठवले. मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारून जेवण येते, ही खानदेशातल्या सगळ्याच जातीधर्मांच्या घरांची रीत आहे. आमच्या घरी ती या हदीसच्या आधाराने पाळली जाते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतली एक तरुण बाई विधवा झाली. अम्मीने सकाळीच खिचडी टाकली, डबा भरला आणि गुडघे दुखत असूनही स्वतः घेऊन निघाली. मी तिच्याबरोबर होते. ओसरीत बसलेल्या बायकांनी सवयीने ‘सब्र करो’ सुरू केले होते. अम्मी त्या मुलीजवळ जाऊन खाली बसली, तिचे डोके आपल्या मांडीवर घेतले आणि म्हणाली, ‘रो ले बेटी, याकूब नबी भी रोये थे.’ मग बराच वेळ ती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली, आणि रडणे थोडे ओसरल्यावर डब्याचे झाकण उघडून तिने पहिला घास भरवला.